हॅम रेडिओच्या ट्यूबवाल्या पॉवर ॲम्प्लिफायरमध्ये ट्यून नॉब फिरवताना प्लेट करंटचा (ट्यूबमधल्या मुख्य करंटचा) डिप, म्हणजे मीटरवरचा सर्वात खालचा बिंदू, सापडला की ट्यूनिंग संपलं का? ग्रिड करंट (ट्यूबच्या आतल्या जाळीचा करंट) मात्र खूप वर जातो.

नाही, डिप ही फक्त सुरुवात. डिप म्हणजे प्लेट सर्किट रेझोनन्सला आलं, म्हणजे सिग्नलच्या फ्रिक्वेन्सीशी जुळलं, एवढंच. ॲम्प्लिफायरवर भार किती पडलाय हे त्यावरून कळत नाही, ते ग्रिड करंट सांगतो. तुमचा तो उडतोय म्हणजे बहुतेक लोडिंग हलकं आहे (ट्यूबमधून पुढे कमी पॉवर ओढली जातेय), किंवा ड्राइव्ह (रेडिओकडून येणारा इनपुट सिग्नल) जास्त आहे.

५० ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी पॉवर जिरवणारा रेझिस्टर) जोडा आणि ड्राइव्ह अगदी कमी ठेवा. ट्यून फिरवून आउटपुट जास्तीत जास्त करा. मग लोड कपॅसिटर थोडासा उघडा, म्हणजे त्याची कपॅसिटन्स कमी होऊन लोडिंग जड होईल, आणि लगेच ट्यून परत जुळवा. दोन्ही एकमेकांना ओढतात, म्हणून आलटून पालटून फिरवत राहायचं. ड्राइव्ह पायरीपायरीने वाढवा, प्रत्येक वेळी हेच. शेवटी लोड कमाल आउटपुटच्या किंचित पलीकडे, म्हणजे जड बाजूला ठेवा. तिथे ग्रिड करंट जरा उतरतो आणि आवाज स्वच्छ राहतो. उलट हलक्या लोडवर जोर लावला की शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर फरफर पसरते.

कॅरिअर (सलग सिग्नल) एका वेळी पाच-सात सेकंदच, मग तेवढीच विश्रांती. ३-५००झेड या ट्यूबची प्लेट मंद लाल-नारिंगी दिसली तर घाबरू नका, ती तशीच चालते. पिवळटपणाकडे झुकली तर ताबडतोब ट्रान्समिटची की (बटण) सोडा.

आणि झाकण उघडायचं असेल तर आधी प्लग काढा, कपॅसिटर डिस्चार्ज झाल्याची खात्री करा. दोन-तीन हजार व्होल्ट दुसरी संधी देत नाहीत.