घरी बांधलेल्या फायबरच्या विमानाचे कॉकपिट आतून रंगवावे का?

आपल्या लाँग-ईझी या विमानाचा सांगाडा तयार झाला असून कॉकपिट आतून रंगवावे, कार्पेट चिकटवावे की इपॉक्सी (काचेच्या कापडाचे थर एकत्र धरणारी राळ) तसेच उघडे ठेवावे, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ऊन पडते तेवढ्याच भागाला पातळ रंग द्यावा, पाय घासतात तिथे काढता येईल असे काही अंथरावे आणि बाकीचे उघडे राहू द्यावे. मी हेच विमान कॅलिफोर्नियात, मोहावी वाळवंटाच्या कडेला बांधले आहे आणि पुढे सांगितलेल्या चुकांपैकी एक माझ्याच हातून झालेली आहे.

काचेच्या कापडाला उन्हाने काही होत नाही, खराब होते ते त्या कापडाला धरून ठेवणारे इपॉक्सी. ते आधी पिवळे पडते, मग त्याची चकाकी जाते आणि काही काळाने बोट फिरवले की खडूसारखी पूड लागते. बाहेरच्या बाजूला रंग असतोच, पण कॅनॉपीच्या, म्हणजे कॉकपिटवरील पारदर्शक झाकणाच्या, ॲक्रिलिकमधून अतिनील किरणांचा बराच भाग आत येतो, त्यामुळे बाजूच्या भिंतींच्या वरच्या कडा आणि आसनांच्या पाठी यांना वर्षानुवर्षे ऊन लागत राहते. इथे पारदर्शक व्हार्निश पुरेसे नाही, अपारदर्शकच थर हवा. सामान्य तापमानाला घट्ट होणारी इपॉक्सी साधारण ६० ते ९० अंश सेल्सिअसच्या दरम्यान मऊ पडू लागतात, आणि याच कारणाने ही विमाने बाहेरून पांढरी असतात. बंद कॅनॉपीखाली उन्हाळ्यात काय होत असेल हे लक्षात घेऊन आतही फिकट राखाडी रंग निवडावा आणि विमान उघड्यावर उभे असताना कॅनॉपीवर पांढरे कापडी आच्छादन घालावे. अपवाद फक्त उपकरणांच्या पॅनेलवरील पृष्ठभागाचा. तो बिनचकाकीचा काळा नसेल, तर त्याचे प्रतिबिंब नेमके पायलटच्या डोळ्यांसमोर कॅनॉपीत उमटते.

बहुतेक जण वाहवत जातात ते गुळगुळीतपणाच्या मोहात. बाहेरच्या भागाला मायक्रोबलूनचे (काचेच्या सूक्ष्म पोकळ गोळ्यांचे) फिलर लावून घासण्याची सवय झालेली असते आणि आत कापडाची वीण दिसली की हात शिवशिवतात. रंगकाम सुरू करण्यापूर्वी मी ३० सेंटिमीटर लांबी-रुंदीचे दोन नमुने करून स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले होते. नुसते प्राइमरचे दोन पातळ हात वाळल्यावर ८ ग्रॅम भरले, तर फिलरने वीण बुजवून मग प्राइमर दिलेल्या नमुन्यावर ४८ ग्रॅम चढले. कॉकपिटचे आतले क्षेत्रफळ ७ चौरस मीटर धरले, तर हा फरक तीन किलोंच्या वर जातो, आणि तोही अशा विमानात की ज्याचे रिकामे वजन साडेतीनशे किलोंच्या आसपास ठेवण्यासाठी आपण प्रत्येक थरातले जादा इपॉक्सी निपटून काढलेले असते. वीण दिसतच असेल तर झोलाटोनसारखा ठिपक्यांचा रंग ती बऱ्यापैकी लपवतो, मात्र तोही जाड बसतो, म्हणून हात आवरता घ्यावा.

रंगापूर्वीची तयारी मात्र मनापासून करावी. दमट हवेत घट्ट झालेल्या इपॉक्सीवर अनेकदा मेणासारखा, किंचित तेलकट थर येतो. तो कोमट पाण्याने आणि घासणीने आधी धुऊन काढावा, कारण थेट पॉलिश पेपर चालवल्यास तो निघण्याऐवजी पृष्ठभागावर पसरतो आणि रंग पुढे पापुद्र्यांनी सुटतो. मग २२० नंबरच्या पेपरने चकाकी जाईपर्यंतच घासावे, काचेचे धागे उघडे पडू देऊ नयेत आणि तोंडावर चांगला मास्क असावा. माझी चूक या टप्प्यावरची आहे. नाकाच्या भागात, पायांच्या वर येणाऱ्या कॅनार्डची, म्हणजे विमानाच्या पुढच्या छोट्या पंखाची, खालची बाजू मी ॲसिटोनने भिजलेल्या फडक्याने पुसली. तिथे टाचणीच्या टोकाएवढे एक छिद्र राहून गेले होते. दुसऱ्या दिवशी त्या जागी नखाने टकटक केले तर आवाज पोकळ आला. कॅनार्डच्या गाभ्यातला पॉलिस्टायरीन फोम ॲसिटोनमध्ये विरघळतो, पेट्रोलमध्येही विरघळतो, हे पाठ असूनही माझ्याकडून हे घडले. रुपयाएवढा भाग कापून पुन्हा भरावा लागला. तेव्हापासून द्रावक वापरण्याआधी मी सगळी छिद्रे इपॉक्सीने बंद करतो आणि शक्य तिथे पाण्यात मिसळणारा इपॉक्सी प्राइमरच वापरतो.

चाकांच्या जोडणीच्या आसपास रंग देऊ नये. तिथे ऊन पोहोचत नाही आणि उघडे काचकापड अर्धपारदर्शक असल्यामुळे थर सुटू लागले की पांढुरका डाग दिसतो, तो रंगाखाली दिसणार नाही. कार्पेट सरसकट चिकटवण्याला माझा विरोध याच कारणाने आहे, शिवाय कॅनॉपीच्या फटीतून आलेले पावसाचे पाणी त्यात मुरून राहते. टाचांखाली पातळ रबरी चटई वेल्क्रोने बसवली की दर वार्षिक तपासणीला ती उचलून खाली पाहता येते. इंधनटाक्यांच्या आत तर कोणताही रंग किंवा प्राइमर लावूच नये, तिथे फक्त इपॉक्सीच असावे.

मागच्या आसनाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतीत इंधनाची पातळी दिसण्यासाठी ठेवलेला काचकापडाचा पारदर्शक पट्टा फवारणीपूर्वी आठवणीने मास्किंग टेपने झाकावा. माझ्या ओळखीच्या एकाने तो राखाडी रंगवून टाकला होता, आणि पुढची दोन संध्याकाळ तो टॉर्च घेऊन, श्वास रोखून, तेवढाच रंग खरवडत बसला होता.