घरी सांगण्याआधी काय हाताशी हवं

प्रिय मित्रा,

तू गे आहेस हे घरी सांगावं का, असं विचारलंस. जरूर सांग, पण तयारी करून. पूर्वग्रह वाद घालून जात नाही. त्यामुळे तुझी कुठली नाडी दुसऱ्याच्या हातात आहे, ते आधी बघ.

आधार, पॅन, पासपोर्ट, मार्कशीट हे मूळ कागद तुझ्या ताब्यात हवेत. ज्याचा ओटीपी फक्त तुझ्याच फोनवर येतो असं बँक खातं हवं, त्यात दोन-तीन महिन्यांचा खर्च हवा आणि मध्यरात्रीही दार उघडेल असं एक घर माहीत हवं. फी घरून येत असेल तर शिक्षण संपेपर्यंत गप्प राहणं हा भित्रेपणा नाही. प्रेमळ आईवडीलसुद्धा घाबरले की फोन काढून घेतात, कॉलेज बंद करतात, घाईघाईने स्थळं बघायला लागतात. लग्न झालं की सगळं ठीक होईल, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते, कारण त्यात एक मुलगीही भरडली जाते. बघण्याच्या कार्यक्रमालाच बसू नकोस. साखरपुड्यानंतर नाही म्हणणं फार जड जातं.

डॉक्टरकडे नेऊ म्हणाले तर जा, पण डॉक्टर तू निवड. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. लैंगिक कल बदलण्याचे उपचार करणं हे डॉक्टरांचं व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये ठरवलं. वेळ घेतानाच फोनवर विचार, "कल बदलण्याचे उपचार करता का?" "प्रयत्न करून बघू" असं उत्तर आलं तर तिथे जाऊ नकोस. हार्मोनची इंजेक्शनं किंवा शॉक सुचवले तर चिठ्ठी आणि पावती जपून ठेव, महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार करताना तीच लागेल. बाबा-बुवांना हा नियम लागू नाही. पण अंगात काही शिरलंय म्हणून मारहाण झाली, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

डेटिंग ॲपवरच्या भेटींबद्दल नीट वाच. पद्धत ठरलेली असते. गोड बोलून खोलीवर बोलावतात, मागून दोघे-तिघे येतात, व्हिडिओ काढतात आणि यूपीआयने पैसे मागतात. हे चालतं, कारण आपणच गुन्हा केलाय असं मुलाला वाटतं. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्हा नाहीत आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलम ३७७ सारखं कलमच नाही. खंडणी मात्र गुन्हा आहे, कलम ३०८. एकदा पैसे दिले की मागणी थांबत नाही, वाढते. ब्लॉक करण्याआधी प्रोफाइल, नंबर, यूपीआय आयडी आणि व्यवहार क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घे. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन कर. लवकर कळवलं तर रक्कम पुढच्या खात्यात गोठवता येते. हद्दीचं कारण सांगून पोलीस गुन्हा नोंदवायचं टाळू शकत नाहीत, झिरो एफआयआर, म्हणजे कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार, माग. तक्रारीत स्वतःचा कल लिहायची गरज नाही. कोणी, कुठे, किती पैसे, कसे मागितले, एवढं पुरे. आणि पहिली भेट नेहमी गर्दीच्या जागी, आधी व्हिडिओ कॉल करून, लाइव्ह लोकेशन एका मित्राला पाठवून.

कॉलेजात छळ झाला तर २०१६ पासून यूजीसीच्या रॅगिंगविरोधी नियमांत लैंगिक कलाचा स्पष्ट उल्लेख आहे. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. खासगी नोकरी आणि भाड्याचं घर यांत कलावरून नकार देण्याला थेट मनाई करणारा कायदा अजून नाही. म्हणून तिथे कुणाला सांगायचं, ते जपून ठरव.

आणखी एक. "तू तसा वाटत नाहीस" ही स्तुती म्हणून स्वीकारू नकोस. ज्या मुलाला शाळेपासून बायल्या म्हणून चिडवलं, त्याला खाली ढकलूनच ती तुला वर काढते. त्याच्या बाजूने बोल.

मुंबईत आपल्यासारख्यांसाठी काम करणारा हमसफर ट्रस्ट आहे. घरी सांगण्याआधी तिथे एकदा जाऊन ये. सांगून झालं की आईला 'स्वीकार' या पालकांच्या गटाबद्दल सांग. तुझ्यासमोर तिला जे विचारता येणार नाही, ते ती तिथल्या आयांना विचारेल.

तुझा,
एक मोठा मित्र