मित्राची गाडी आणि ‘रेंट’ हा शब्द

मित्राची स्पोर्ट्स कार घेऊन तुम्ही महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरकडे उतरत होतात. वळणावर समोरून आलेल्या मोटारसायकलवाल्याला धडक बसली, त्याचा पाय मोडला. आता विमा कंपनीने मित्राला पत्र धाडून विचारलंय की गाडी कशासाठी दिली होती. ‘गाडी दुसऱ्याची म्हणून क्लेम नाकारतील का,’ असं तुम्ही विचारता.

तेवढ्यावरून नाही. लायसन्स चालू होतं, मालकाची परवानगी होती. अशी पत्रं मला सतत येतात आणि गोम बहुतेकदा दुसरीकडेच असते. तुमची गोम तुम्हीच पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये आहे: निघायच्या आदल्या रात्री मित्राला यूपीआयने १२,००० रुपये आणि खाली शेरा, ‘रेंट २ डेज’.

खासगी गाडीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. गाडी भाड्याने दिली, शर्यतीत उतरवली किंवा तिच्या वेगाची चाचणी घेतली, तर संरक्षण नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १५० मध्ये भाड्याने चालवण्याचा परवाना (परमिट) नसताना भाड्याने दिलेल्या गाडीबाबत कंपनीला हाच बचाव मिळतो. म्हणजे नुसत्या बॉनेटचा नाही, त्या जखमी माणसाच्या भरपाईचाही प्रश्न आहे. ‘आधी कंपनीने द्यावे, मग मालकाकडून वसूल करावे’ असा आदेश मोटार अपघातांचे दावे ऐकणारं न्यायाधिकरण देऊ शकतं. तुमच्या प्रकरणात देईलच, असं मी म्हणणार नाही. दिला तर वसुली मित्राच्या दारात येईल.

पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि अजून उत्तर गेलेलं नाही, हे वाचून मात्र राग आला. निकालाला वर्षं लागतात ती लागतातच, पण हा उशीर तुमचा आहे. विमा मित्राचा, तेव्हा उत्तर त्यानेच द्यायचं, तेही लेखी. ते पैसे खरोखर पेट्रोल, टोल आणि टायरच्या खर्चातला वाटा असतील, तर पावत्या आणि त्या दिवसांतले तुमचे मेसेज सोबत जोडा. भाडंच ठरलं असेल, तर भलतं काही लिहू नका. उलटतपासणीत ते उघडं पडतं आणि मग तुमची खरी बाजूही कुणी ऐकत नाही.

फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि १२५ (दुसऱ्याचा जीव वा सुरक्षितता धोक्यात घालणं) लागू शकतात. कागद पाहिल्याशिवाय त्यावर बोलणं बरोबर नाही.

पॉलिसीची पूर्ण प्रत, नुसतं सर्टिफिकेट नव्हे, आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन दोघांनी याच आठवड्यात वकील गाठा. फोनमधलं काहीही डिलीट करू नका. तो व्यवहार बँकेत नोंदलेला आहेच.