मासाई मुलगी रात्री झोपते कुठे? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

केनियाच्या कजियाडो या मासाई पशुपालकांच्या भागात काही वर्षं मी मुलींच्या शाळांसोबत काम केलं. मागच्या लेखात त्याचा ओझरता उल्लेख आला आणि प्रश्नांची रांगच लागली. त्यातले पाच इथे घेतो.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये मसाई मारा अभयारण्य बघायला गेलो होतो. वस्तीत भर सकाळी अकरा वाजता आठ-दहा वर्षांच्या मुली वासरांमागे फिरत होत्या. गाइड तर म्हणाला, इथे शाळा मोफत आहे. मग या मुली घरी कशा? (पुणे)

गाइड खोटं बोलला नाही. केनियानं २००३ साली प्राथमिक शाळेची फी रद्द केली आणि २००८ पासून माध्यमिकचीही. तरी गणवेश, परीक्षेचे पैसे, दुपारचं जेवण आणि शाळेनं आपल्या खर्चानं नेमलेल्या शिक्षकाच्या पगारातला वाटा, हे पालकांच्या गळ्यात राहतंच. शिवाय घरात पाणी, सरपण आणि वासरं ही मुलींची कामं. शाळा दूर असेल आणि वाटेत हत्ती, रानरेडे असतील, तर सहा वर्षांच्या पोरीला एकटी धाडायला कुठली आई तयार होईल?

खरी मेख माध्यमिकला आहे. सरकारी योजनेत मोफत आहे ती ‘दिवसाची’ शाळा. सकाळी घरून या, संध्याकाळी घरी जा, तर दर विद्यार्थ्यामागे वर्षाला २२,२४४ शिलिंग शाळेला द्यायचे, असं सरकारनं २०१८ साली ठरवलं. वसतिगृहात राहायचं, तर राहण्या-जेवणाचा खर्च बापानं करायचा. आता मासाई वस्त्या विखुरलेल्या, गुरं चाऱ्यामागे हिंडणारी. रोज घरून ये-जा करता येईल अशी माध्यमिक शाळा किती जणींना मिळणार?

२०२२ साली, पावसाचे हंगाम एकामागून एक कोरडे गेले होते तेव्हा, बिसिलच्या गुरांच्या बाजारात एक बाप भेटला. हातात शाळेनं दिलेली यादी : गादी, दोन चादरी, बादली, स्वेटर, कुलूप लागेल अशी पत्र्याची ट्रंक. त्याला वाचता येत नव्हतं, मुलगीच पुन्हा पुन्हा वाचून दाखवत होती. बैलाच्या बरगड्या मोजता येत होत्या, त्यामुळे भाव काय आला असेल ते सांगायला नको. गादी आली, ट्रंक राहिली. पोरगी कपडे पोत्यात भरून शाळेत गेली.

प्रश्न : पण मूळ दोष रूढींचाच ना? लहानपणी लग्न, मुलींचा खतना (जननेंद्रियाचा भाग कापणं)... आईबापच मुलींना शिकू देत नाहीत असं वाचलं. (सातारा, शिक्षिका)

अर्धं बरोबर आहे, बाई. मासाईंमध्ये मुलीच्या लग्नात गुरं तिच्या माहेरी येतात. आपल्याकडे कित्येक जातींत देज घ्यायची पद्धत होती, तसंच. दुष्काळात दावणीची जनावरं मेली की हे देज फार मोठं वाटू लागतं. म्हणून मी रूढी आणि गरिबी वेगळ्या काढत नाही. एकीला दुसरीचा टेकू असतो.

कायदे आहेत. मुलींच्या खतन्यावर बंदी घालणारा कायदा २०११ चा, लग्नाचं वय सरसकट १८ करणारा २०१४ चा. अडचण अशी, की खतना झाला की मुलगी ‘बाई’ झाली असं धरतात आणि सोयरिकीची बोलणी सुरू होतात. हे बहुतेक शाळेच्या सुट्टीत उरकतात, त्यातही डिसेंबरच्या मोठ्या सुट्टीत. मार्च २०२० ते जानेवारी २०२१ कोविडमुळे बहुतेक वर्ग बंद राहिले, त्या काळात आम्हा सगळ्यांच्या पोटात गोळा होता तो याचाच. कजियाडो गावातली १९५९ सालची मुलींची प्राथमिक शाळा घरून पळून आलेल्या मुलींना आसरा देत आली, कारण सुट्टी लागली तरी त्यांना परत जायला घर नव्हतं.

काकेन्या न्ताइया यांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. खतना करून घेते, पण मग हायस्कूल पुरं करू द्यायचं, असा सौदा त्यांनी वडिलांशी केला. पुढे गावानं वर्गणी काढून त्यांना अमेरिकेला धाडलं. तिकडे डॉक्टरेट करत असतानाच २००९ मध्ये त्यांनी एनोसाएन या आपल्या गावी मुलींची शाळा काढली. लोक या गोष्टीला टाळ्या वाजवतात. मला आधी तो सौदा आठवतो. शाळेची फी मुलीनं कशानं भरली बघा.

बदल होतो तो गावातल्या ज्येष्ठांना सोबत घेतलं की. मासाई कार्यकर्त्या नाइस लेंगेते यांनी तेच केलं : वयात येण्याचा सोहळा, आशीर्वाद, शिकवण सगळं राहू द्या, फक्त पातं नको. असे सोहळे आता बऱ्याच गावांत होतात.

प्रश्न : टांझानियातल्या मासाई मुलींचं काय? (नागपूर)

तिथे २०१६ पासून माध्यमिकच्या चौथ्या वर्षापर्यंत आणि २०२२ पासून सहाव्या वर्षापर्यंत फी नाही. मात्र १९७१ च्या विवाह कायद्यात पालकांच्या संमतीनं मुलीचं लग्न १५ व्या वर्षी लावायची मुभा होती. २०१६ मध्ये उच्च न्यायालयानं आणि २०१९ मध्ये अपील न्यायालयानं ते घटनाबाह्य ठरवलं. गरोदर राहिलेल्या मुलीला सरकारी शाळेत परत घेत नसत, ती बंदी नोव्हेंबर २०२१ मध्ये उठली. मोंदुलीत पशुपालक घरांतल्या मुलींसाठी १९९५ साली सुरू झालेली निवासी माध्यमिक शाळा आहे. ‘निवासी’ हा शब्द तिथेही आलाच.

प्रश्न : आम्ही नैरोबीत स्थायिक आहोत. कामवाल्या बाईंच्या भाचीची फी भरायची इच्छा आहे. काय काळजी घ्यावी? (नैरोबी)

पैसे कुणाच्या हाती न देता शाळेच्या खात्यात भरा आणि पावती मागा. एका वर्षाची हौस असेल तर सुरूच करू नका. दुसऱ्या वर्षी फी अडली की मुलगी घरी येते, आणि घरी आलेली मुलगी परत जाईलच असं नाही. सुट्टीत ती कुठे राहणार, हे मावशीला आत्ताच विचारा. डिसेंबरात तुमच्याकडे खोली रिकामी असेल तर फीइतकीच ती मोलाची.

सोबत मतदारसंघाच्या विकास निधीतून मिळणाऱ्या शैक्षणिक मदतीचा अर्ज करायला लावा. बँकांच्या शिष्यवृत्त्याही आहेत, २०१० पासूनची ‘विंग्ज टू फ्लाय’ त्यातली नावाजलेली. पण तिथे गरिबीबरोबर गुणही बघतात. घरी मासाईंची मा भाषा, शाळेत किस्वाहिली आणि इंग्रजी, वर निम्मी हजेरी, अशा मुलीचे गुण कमीच दिसणार. म्हणून मधल्या फळीतल्या मुलींना तुमच्यासारखं कुणी लागतं.

प्रश्न : दहा जण सफारीला निघालोय. मुलांसाठी वह्या, पेनं, चॉकलेटं नेऊ का? (ठाणे)

नको. गाडीच्या खिडकीतून पेन मिळतं हे कळलं की मुलं शाळा सोडून रस्त्यावर उभी राहतात. वस्ती बघायचे माणशी डॉलर घेतात, ते कुणाकडे जातात हे मात्र गाइडला मोकळेपणानं विचारा. द्यायचंच असेल तर जवळच्या मुलींच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापिकांना भेटा. माझ्या अनुभवात त्यांनी पेनं कधीच मागितली नाहीत. गाद्या मागितल्या, आणि एकदा पाण्याच्या टाकीचं झाकण.