सूर्य, खुर्शीद आणि सन

फारसी ‘खुर्शीद’ आणि इंग्रजी ‘सन’ या शब्दांचे आपल्या ‘सूर्य’ शब्दाशी काही नाते आहे का, अशी पृच्छा आहे. दोन्हींशी नाते आहे. मात्र ते उच्चारसाम्यावरून ठरत नाही, ध्वनिबदलांच्या नियमिततेवरून ठरते. नुसत्या साम्यावर विसंबलो, तर ‘सन १८६८’ मधला, अरबीतून आलेला वर्षवाचक ‘सन’सुद्धा याच कुळात घालावा लागेल.

‘सूर्य’ हा शब्द वैदिक ‘स्वर्’शी संबंधित आहे. ‘भूर्भुवः स्वः’मधला ‘स्वः’ तो हाच, आणि ‘स्वर्ग’ही त्याच्यापासूनच झाला. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्कांनी ‘निरुक्त’ या वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीवरील ग्रंथात ‘सूर्य’ची व्युत्पत्ती ‘सृ’, म्हणजे सरणे, या धातूवरूनही सुचवली आहे. पण मला ‘स्वर्’चाच धागा पटतो, कारण त्याचे सगोत्र, म्हणजे एकाच मुळातून आलेले, शब्द इतर भाषांत नेमक्या अपेक्षित रूपात सापडतात. संस्कृत शब्दाच्या आरंभी ‘स’ असेल, तर अवेस्ता या पारशी धर्मग्रंथांच्या प्राचीन इराणी भाषेत तिथे बहुधा ‘ह’ येतो: सप्त–हप्त, सोम–हओम, आणि तसेच स्वर्–ह्वर. या ‘ह्वर’ला ‘ख्शएत’, म्हणजे तेजस्वी, हे विशेषण जोडले गेले, पुढे फारसीत ‘ह्व’चा ‘ख’ झाला आणि त्या जोडीचे ‘खुर्शीद’ असे रूप बनले. तेच विशेषण ‘यिम’ला, म्हणजे आपल्या यमाला, लागून ‘जमशेद’ झाले. पारशी समाजामुळे ही दोन्ही नावे महाराष्ट्रात चांगलीच परिचयाची आहेत.

ग्रीकमध्येही आरंभीच्या ‘स’चा ‘ह’ झाला, म्हणून ‘हेलिओस’, आणि त्यावरून ‘हेलियम’. लॅटिन ‘सोल’ आणि लिथुआनियन ‘साउले’ यांनी ‘स’ राखला.

आता ‘सन’मधल्या ‘न’विषयी. या सर्व भाषांच्या समान पूर्वज भाषेतील मूळ नामाची दोन अंगे, म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वीची रूपे, होती, एक ‘ल’कारान्त आणि दुसरे ‘न’कारान्त, संस्कृतात त्या ‘ल’चा ‘र’ झाला. अशी दुहेरी अंगे संस्कृतातही टिकून आहेत: दिवस या अर्थाच्या एकाच नामाचे ‘अहर्’ हे अंग ‘अहर्निश’मध्ये दिसते, तर ‘अहन्’ हे ‘मध्याह्न’मध्ये. त्याच रीतीने ‘सोल’ आणि ‘स्वर्’ पहिल्या अंगावरून आले, तर इंग्रजी ‘सन’ आणि जर्मन ‘झोन्न’ दुसऱ्यावरून.

तमिळ ‘ञायिरु’ आणि कन्नड ‘नेसरु’ हे मात्र एकमेकांचे सगोत्र असलेले द्रविड शब्द आहेत. त्यांना ‘स्वर्’शी जोडता येत नाही.