कमिटीवर घेतात, पण विचारत नाहीत

"कमिटीवर नाव आहे, सभेला बोलावतात, सहीही घेतात. पण विचारत कुणी नाही. बोलावं तर वैर येतं, गप्प बसावं तर रात्री झोप लागत नाही. करायचं काय?"

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या प्राध्यापकांकडून हा प्रश्न मी समुपदेशक म्हणून इतक्या वेळा ऐकलाय, की शेवटी एका सरांची गोष्ट त्यांच्या परवानगीनं लिहायला घेतली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सर वनस्पतीशास्त्राचे. पन्नाशीच्या आतबाहेरचे, मूळ खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातले. त्यांना वहिनीच घेऊन आल्या. भर पावसात टिळकवाडीतल्या माझ्या खोलीवर दोघं पोचली, तेव्हा सर खांद्यापर्यंत भिजले होते, पण हातातली फाइल प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून कोरडी ठेवली होती. वहिनी बसायच्या आधीच बोलायला लागल्या. "काय सांगू ओ मॅडम, पहाटे तीनला उठून बसतात. एकटेच बोलतात. परवा तर 'अध्यक्ष महोदय' म्हणाले. मला भीतीच वाटली."

सर खाली बघत म्हणाले, "डोक्यात सभा परत सुरू होते. दिवसा जे बोललो नाही, ते सगळं रात्री बोलतो."

त्यांच्या संस्थेनं पाच वर्षांचा विकास आराखडा करायला घेतला होता. समिती नेमली, त्यात सरांचं नाव घातलं. पहिल्याच सभेत स्पायरल बाइंडिंग केलेला तयार आराखडा हातात पडला. 'सूचना असल्यास दोन दिवसांत कळवा.' आत लिहिलं होतं की वनस्पतीशास्त्र आणि प्राणीशास्त्र हे दोन विभाग एकत्र करून एक संकुल होईल, आणि हर्बेरियमची खोली ही 'उपलब्ध जागा' असल्यामुळे तिथं नवउद्योग केंद्र येईल.

उपलब्ध जागा! त्या दोन शब्दांवर सर मला पंधरा मिनिटं बोलले, आणि मी त्यांना थांबवलं नाही. त्या खोलीत कपाटंच्या कपाटं भरून वाळवलेल्या वनस्पती आहेत. जाड कागदावर टाचलेली एकेक फांदी, कोपऱ्यात चिठ्ठी, त्यावर नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, भीमगडचं रान. कणकुंबीकडं पाऊस असा पडतो की कपडे आठवडाभर वाळत नाहीत. तिथून आणलेला नमुना वाळवताना रोज कागद बदलावे लागतात, एक दिवस चुकला तरी बुरशी धरते. कारवी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते. सरांकडं तिच्या एका फुलोऱ्याचा नमुना आहे, तो आणणारी पोरगी आज स्वतः कॉलेजात शिकवते. फोनवर काढलेला त्याचा फोटो त्यांनी मला दाखवला. निळा रंग उडून मातकट झालेला, पण पानाची शीर न् शीर जागेवर.

सभेत ते उठून बोलले होते. अध्यक्षांनी "सर, तुमच्या भावना लक्षात घेतल्या" म्हणून पुढचा विषय घेतला. आठवड्यानं मिनिट्सचं, म्हणजे सभेच्या इतिवृत्ताचं, रजिस्टर फिरत आलं. 'सर्वानुमते मान्यता देण्यात आली.' त्याखाली सरांनी सही केली.

"सही का केलीत?"

"शिपाई डोक्यापाशी उभा. मागे तास सुरू व्हायची घंटा. केली." मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत. पहाटे तीनला टोचत होती ती हीच सही. आराखडा करणाऱ्यांवरच्या रागापेक्षा स्वतःवरचा राग मोठा होता.

इथं माझं चुकलं, ते सांगायला हवं. मी झोपेच्या मागे लागले. श्वासाचा व्यायाम दिला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितला, आणि म्हटलं, "सर, जे आपल्या हातात नाही ते थोडं सोडून द्यायला शिकू." दोन आठवड्यांनी ते परत आले ते जास्तच ओढलेले. म्हणाले, "सोडून द्या म्हणालात. मी रोज यादी करायलोय काय काय सोडायचं. खोली सोडली. विभाग सोडला. आता सिलॅबस पण सोडू काय?"

तेव्हा कळलं की सरांना सगळंच एकाच मापाचं हाताबाहेरचं वाटायला लागलंय. त्याला कारणही होतं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पदवीला लागू करण्यात कर्नाटक सगळ्यांच्या पुढं होतं. 2021-22 ला नवा अभ्यासक्रम आला, चौथ्या वर्षाची सोय झाली. मग सरकार बदललं आणि 2024 मध्ये राज्यानं परत तीन वर्षांची पदवी आणली. सर बोर्ड ऑफ स्टडीजवर, म्हणजे विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळावर. एकदा पेपर न् पेपर बांधायचा, तीन वर्षांत तो सोडवून परत बांधायचा. त्यात नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची, कागदपत्रं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये कामामुळे येणाऱ्या अशा थकव्याची जी व्याख्या केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: अंगातली शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्याकडून काही नीट होत नाही असं वाटणं. संघटना त्याला आजार म्हणत नाही, कामाच्या ठिकाणी निर्माण झालेली अवस्था म्हणते. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण सरांच्या मनात 'मी कमकुवत' हे पक्कं बसलं होतं.

मानसशास्त्रात सेलिगमन आणि मायर यांचे 1967 च्या सुमाराचे प्रयोग प्रसिद्ध आहेत. काही केलं तरी त्रास थांबत नाही, असा अनुभव वारंवार आला की प्राणी पुढं सुटका शक्य असतानाही हालचाल करत नाहीत. पन्नासेक वर्षांनी, 2016 मध्ये, त्याच दोघांनी आपलं म्हणणं दुरुस्त केलं. दीर्घ त्रासात गळून जाणं हे शिकावं लागत नाही, ते आपोआप होतं. शिकावं लागतं ते हे की 'माझ्या कृतीनं काहीतरी बदलतं.' त्यासाठी छोटा का होईना, पण खरा अनुभव लागतो. मी श्वासाचा व्यायाम बाजूला ठेवला आणि सरांना म्हटलं, ती फाइल उघडा.

आम्ही आराखड्याची पानं सुटी केली आणि सतरंजीवर तीन ढीग घातले. मी समुपदेशक व्हायच्या आधी काही वर्षं कॉलेजात शिकवलंय, त्यामुळे कमिटी हा प्रकार मला परका नाही. तरी आपल्याकडं कोणता निर्णय नेमका कुणाचा, हे शिक्षकांना कुणी सांगतच नाही, आणि याची मला खरोखर चीड येते. स्वायत्त संस्थेत यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमांप्रमाणे बोर्ड ऑफ स्टडीज, अकॅडेमिक कौन्सिल, फायनान्स कमिटी आणि वर गव्हर्निंग बॉडी. विद्यापीठात कर्नाटकच्या 2000 सालच्या कायद्याप्रमाणे वर सिंडिकेट. यातल्या बोर्डात आणि कौन्सिलमध्ये शिक्षकाचा शब्द हा सल्ला नसतो, तिथं तो स्वतः निर्णय करणाऱ्यांपैकी असतो. इमारत, पैसा, नेमणुका यात शेवटचा शब्द वरच्यांचा. अमेरिकेतल्या प्राध्यापकांच्या संघटनेनं 1966 मध्ये विश्वस्त मंडळांच्या आणि संस्थांच्या संघटनांबरोबर बसून हीच वाटणी कागदावर आणली होती. अभ्यासक्रम, शिकवण्याची पद्धत, संशोधन ही मुख्यतः शिक्षकांची जबाबदारी, आणि वरच्यांनी त्यांचं मत डावललं तर कारण सांगायचं. ते तिकडचं, आपल्याला लागू नाही. पण ते वाचून सर ताठ बसले. "म्हणजे कारण मागणं हा उद्धटपणा नव्हे?" नव्हे.

तर ढीग. पहिल्यात आली हर्बेरियम प्रात्यक्षिकासाठी कसं वापरायचं, दोन विषयांचे पेपर वेगळे राहणार की नाही, ही पानं. हे सरांच्या बोर्डाचं काम. दुसऱ्यात खोली, कपाटं, विभागांचं एकत्रीकरण. इथं मत द्यायचं, निर्णय दुसऱ्याचा. तिसऱ्यात पार्किंग, नवं प्रवेशद्वार वगैरे. तिसरा ढीग सगळ्यात जाड झाला. सर त्याकडं बघत म्हणाले, "याच्यासाठी पण मी झोप घालवायलो होतो."

दुसऱ्या ढिगावर आम्ही तीन बैठका घालवल्या. नॅकच्या मूल्यांकनात एक निकष प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनाचा. त्यात संस्थेला दाखवावं लागतं की कारभारात सगळ्यांचा सहभाग आहे आणि आराखडा प्रत्यक्षात राबवला जातोय. म्हणजे सरांची सही संस्थेला हवीच होती. धमकी द्यायला हे वापरू नका, असं मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पण ज्या सहीची एवढी गरज आहे ती वाचून करण्याचा हक्क आहे, एवढं त्यातून निघतं. मिनिट्स पुढच्या सभेत कायम करतात, त्या वेळी दुरुस्ती मागता येते, वेगळं मत नोंदवायला सांगता येतं. "मिनिट्स वाचून उद्या सही देतो" हे वाक्य सरांनी माझ्या खोलीत सात-आठ वेळा म्हटलं. पहिल्यांदा आवाज फुटेना. मी शिपाई झाले, अध्यक्ष झाले, मध्येच तोडलं, घड्याळ दाखवलं.

आणि मग एक गोष्ट बाहेर आली, जी सीमाभागातल्या माणसाला लगेच कळेल. सभा चालते कन्नडमध्ये, मध्ये मध्ये इंग्लिश. सरांचं कन्नड चांगलं आहे, पोरांना त्यात शिकवतात, बाजारात भाव करतात. पण राग येतो तो मराठीत. तो राग कन्नडमध्ये आणून वाक्य जुळेपर्यंत अध्यक्ष पुढच्या विषयावर गेलेले असतात. 'मी वेळेला तोंड उघडत नाही' असं ज्याला सर भित्रेपणा समजत होते, त्यात निम्मा भाग हा होता. यावर उपाय धीर वाढवणं हा नाही. लिहून नेणं हा आहे.

टिपण लिहायला घेतलं तर पहिला मसुदा सहा पानांचा. सुरुवात 'गेली चोवीस वर्षे मी या संस्थेची सेवा' अशी. मी त्यांना ते सगळं ठेवायला सांगितलं, पण घरच्या वहीत. सभेसाठी दीड पान: खोलीत काय आहे, ओल लागली तर काय होतं, आणि तीन मागण्या. विभाग एकत्र झाले तरी पेपर वेगळे राहावेत. कोरडी पर्यायी खोली तयार झाल्याशिवाय कपाटं हलवू नयेत. आधीच्या सभेतलं त्यांचं मत नोंदवलं जावं.

कन्नडमध्ये ते नीट कोण करून देईल, असं विचारल्यावर सर घुटमळले. प्राणीशास्त्राच्या मॅडम होत्या, कन्नड भाषक. पण त्या सभेत गप्प बसल्या होत्या, म्हणजे एकत्रीकरण त्यांना हवंच असणार, असं सरांनी धरून ठेवलं होतं. विचारलं कधी नव्हतं. मी फोन करायला सांगितलं. पुढच्या भेटीत सर आत येता येताच म्हणाले, "त्या पण झोपत नाहीत ओ." मॅडमच्या म्युझियममधल्या काचेच्या बरण्या कुठं जाणार, हे आराखड्यात लिहिलेलंच नव्हतं. टिपणावर शेवटी दोघांच्या सह्या झाल्या.

निकाल सरळ सांगते. विभाग एकत्र झाले. ती गोष्ट सरांना आजही लागते, आणि ती लागू नये असं मी कधी म्हणणार नाही. पेपर वेगळे राहिले, कारण ते बोर्डात ठरलं. खोलीचा निर्णय 'पर्यायी व्यवस्था होईपर्यंत' पुढं गेला. पर्यायी व्यवस्था अजून झालेली नाही, कपाटं जागेवर आहेत.

झोप मात्र निकालाच्या आधीच सुधारली होती, टिपण दिलं त्या आठवड्यात. हे मी इतरांच्या बाबतीतही पाहिलंय. ज्यांना असा त्रास आहे त्यांना माझं सांगणं एवढंच की राजीनाम्याचा किंवा कायमचं गप्प बसण्याचा विचार करण्याआधी एकदा हे ढीग घालून बघा, शक्यतो एखाद्या सहकाऱ्याबरोबर. पण दोनेक आठवड्यांहून जास्त झोप-भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर टिपण वगैरे नंतर. आधी मानसोपचारतज्ज्ञ. 14416 या टेलिमानसच्या सरकारी नंबरवर फुकट, रात्रीसुद्धा बोलता येतं. मराठीत बोला, कन्नडमध्ये बोला.

सर शेवटचे आले ते श्रावणात. वीस मिनिटं ते पोरांना घेऊन जांबोटीला गेल्याचं सांगत होते, कमिटीचा विषयच नाही. जायला उठले तेव्हा खिशातून झेरॉक्सचा घडी केलेला कागद काढला. मिनिट्सचं पान. कन्नडमधल्या एका ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली होती. मला वाचता येते, तरी त्यांनी बोट ठेवून मराठीत सांगितली: "दोन्ही विभागांचं वेगळं मत जोडपत्र तीनमध्ये." मग कागद परत त्याच घडीवर दुमडून खिशात ठेवला आणि वहिनींना फोन लावला, की निघालो, वाटेत काही आणायचंय काय.