गाडी मागून बसतेय म्हणून शॉकअप बदलावेत का?

तुमची 2014 ची स्विफ्ट खड्ड्यात मागून ठक-ठक वाजते, मागं तिघं बसले की खाली बसते, आणि गॅरेजवाला म्हणतो दोन्ही शॉकअप गेलेत. कंपनीचे घ्यावेत की बाहेरचे, एकच बदलला तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्याकडेही त्याच पिढीची स्विफ्ट आहे आणि मागचे शॉकअप मी घरीच बदललेत, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि गॅरेजवाल्यानं त्या एकाच बिलात बसवल्यात. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, स्प्रिंग पेलते. या गाडीत मागं स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग सुटल्यावर नाचत राहू नये, एवढंच शॉकअपचं काम. आत तेल असतं, त्यात बारीक भोकांचा पिस्टन वर-खाली होतो, तेल त्या भोकांतून जाताना अडतं आणि उसळीचा जोर उष्णतेत जिरतो. गॅसवाल्यात नायट्रोजन असतो तो तेलाला फेस येऊ नये म्हणून, गाडी उचलून धरायला नव्हे. तेव्हा नवेकोरे शॉकअप टाकलेत तरी बसलेली गाडी बसलेलीच राहणार.

सपाट जागी रिकामी गाडी उभी करा. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कमानीपर्यंत टेपनं दोन्ही बाजूंना मापा. एक बाजू स्पष्ट खाली असेल तर त्या बाजूची स्प्रिंग टॉर्च मारून बघा, खालचा वेढा तुटलेला सापडू शकतो. बाहेरून सीएनजी बसवली असेल तर टाकीचं ओझं कायम मागंच आहे, तिथंही इलाज स्प्रिंगचाच. स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबरी बफर मिळतात, गाडी उंच दिसते खरी, पण तेवढे वेढे काम करायचे थांबतात आणि भार बाकीच्यांवर जातो. मी ते कुणाला सुचवत नाही.

आता आवाज. आधी डिकी पूर्ण रिकामी करा. जॅक, पाना, स्टेपनी, सगळं बाहेर, आणि त्याच खड्ड्यांवरून फिरून या. हसू नका, बरेच ‘गेलेले शॉकअप’ इथंच दुरुस्त होतात. तरी वाजलं तर शॉकअपच्या टोकाचे रबरी बुश बघा. ते तडकले किंवा नट ढिला झाला की शॉकअप चांगला असूनही ठोकतो. मग धूळकव्हर वर सरकवून दांडा आणि सील बघा. पुसट ओलसर धूळ असेल तर चालतं. तेलाचे ओघळ खालपर्यंत आले असतील तर तो संपला. मागच्या टायरवरून हात फिरवा. रबर जागोजागी खोलगट लागलं तरी संशय शॉकअपवरच घ्या. डिकी दाबून सोडायची चाचणी सगळे सांगतात, पण तिच्यात फक्त पार मेलेला शॉकअप सापडतो.

बदलायचे ठरले तर जोडीनंच बदला. एक कडक आणि एक ढिला असला की वळणावर आणि जोरात ब्रेक मारताना मागची बाजू सरळ राहत नाही. कंपनीच्या डब्यातलेच हवेत असं नाही. गॅब्रिएलसारखा कारखाना, ज्याचं मुख्यालय आपल्या चाकणलाच आहे, गाडी कंपन्यांनाही शॉकअप पुरवतो आणि बाजारातही विकतो. पुण्यात असाल तर नाना पेठेत जा, पण आरसीवरचा चेसिस नंबर दाखवून भाग जुळवून घ्या आणि पक्कं बिल मागा. तेल भरून, रंग मारून विकलेले ‘रिपेअर’ शॉकअप फुकट दिले तरी नकोत. सोबत बुश, बंप स्टॉप (शॉकअप पूर्ण दबला की धक्का झेलणारा रबरी ठोकळा) आणि धूळकव्हर नवीन घ्या, नाहीतर महिन्याभरात तेच काम पुन्हा.

घरी करणार असाल तर पुढच्या चाकांना दगड लावा आणि गाडी जॅकवर नव्हे, स्टँडवर ठेवा. हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो, मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग शून्य. मागचा बीम, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा लोखंडी भाग, दुसऱ्या जॅकनं खालून धरून ठेवा, कारण त्याला खाली लोंबण्यापासून शॉकअपच अडवतो. तो काढला आणि बीम खाली गेला तर ब्रेकचा पाइप ताणतो, स्प्रिंग निसटते. म्हणून एका वेळी एकच बाजू. वरचा नट फिरवताना दांडाही फिरतो. तेव्हा दांड्याचं टोक छोट्या पान्यानं धरा, चकचकीत भागाला पक्कड लावू नका. तिथला एक ओरखडा नवं सील फाडतो.

खालचा बोल्ट मात्र गाडी हवेत असताना शेवटचा आवळू नका. आधी हातानं बसवा, गाडी चाकांवर उतरवा, मग आवळा. हवेत आवळलेला बुश गाडी खाली आली की पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. गॅरेजात करून घेतलंत तरी त्या वेळी शेजारी उभे राहा. आणि बिलात अलाइनमेंट दिसलं तर विचारा कशाचं, कारण या गाडीच्या मागच्या बीमला जुळवायला काही नसतंच.